जुन्या फोर-सिलिंडरचे कार्ब रबरात बसत नाहीत तेव्हा

तुझा प्रश्न मला समजला तो असा. २५-३० वर्षं जुनी फोर-सिलिंडर मोटरसायकल, चारही कार्ब (कार्ब्युरेटर, हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारे) साफ करायला काढले, परत बसवायला गेलास तर रबर बूट दगडासारखे कडक. शेवटी इंजिन ऑइल चोपडून, गुडघा लावून कसंबसं आत घातलं. गाडी चालू झाली पण रेस सोडली की आरपीएम ३००० वर लटकून राहतो, आणि दुसऱ्या दिवशी फट्ट आवाज झाला आणि ३ नंबरचा कार्ब रबरातून सुटला. आता विचारतोयस की सिलिकॉन सीलंट लावून चिकटवून टाकू का.

नको लावू. का नको ते खाली येईलच, पण आधी एक सांगतो, तुझी ताकद कमी पडलेली नाहीये. हे काम मी इतक्या वेळा केलंय की डोळे मिटून हात चालतात, आणि दरवेळी तोच अनुभव, ज्या रबराला जोर लावावा लागतो त्या रबरात तरी जीव उरलेला नसतो, नाहीतर आपला क्रम तरी चुकलेला असतो. बहुतेक वेळा दोन्ही.

आधी कुठलं रबर म्हणतोय ते स्पष्ट करू, कारण लोक दोन्हीला बूटच म्हणतात. कार्बच्या पुढे, म्हणजे इंजिनच्या हेडकडे, जे असतं ते मॅनिफोल्ड रबर. बऱ्याच गाड्यांत ते धातूच्या फ्लॅंजवर (बोल्टच्या भोकांची सपाट पट्टी) चिकटवलेलं असतं, दोन बोल्टने हेडला लागतं आणि मधे एक ओ-रिंग, म्हणजे सील करणारी रबराची गोल कडी, असते. कार्बच्या मागे एअर बॉक्सकडे, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याकडे, जातात ते नुसते रबराचे बूट, त्यात धातू नसतो. पुढचं लीक झालं तर गाडीचं मिक्श्चर बिघडतं. मागचं लीक झालं तर फिल्टर न झालेली हवा आत जाते, म्हणजे धूळ, म्हणजे रिंगा आणि बोअर घासणार, फक्त ते लगेच कळत नाही म्हणून लोक मागच्याकडे दुर्लक्ष करतात. आणि बसवताना खरी मारामारी मात्र मागच्यांशीच होते.

आता तो ३००० चा प्रकार. आयडलिंगला (रेस न देता गाडी नुसती चालू असताना) बटरफ्लाय, म्हणजे कार्बमधली हवेची गोल झडप, जवळजवळ बंद असतो, इंजिन अगदी थोडी हवा ओढत असतं, आणि बटरफ्लायच्या पुढे व्हॅक्यूम सगळ्यात जास्त असतो. अशा वेळी मॅनिफोल्डला केसाएवढी चीर असली तरी तिथून येणारी फुकटची हवा एकूण हवेच्या मानाने खूप होते, पेट्रोल तेवढंच राहतं, मिक्श्चर लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. मग रेस खाली यायला वेळ लागतो, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके फुटतात, प्लग काढला तर पांढराफटक. तीच गाडी फुल थ्रॉटलला मस्त पळते, कारण तेव्हा एवढी हवा चाललेली असते की त्या चिरेचा हिशोबच लागत नाही. म्हणून लोक फसतात, म्हणतात वर तर चांगली चालते म्हणजे कार्बचे स्लो जेट (आयडलिंगचं पेट्रोल देणारी बारीक भोकं) चोकअप असणार, आणि तेच कार्ब तीन-तीनदा उघडतात. (टू-स्ट्रोकवाल्यांनी हे जास्त मनावर घ्यावं, तिथे पेट्रोलबरोबरच ऑइल येतं, लीन झालं की उष्णता वाढते आणि पिस्टन जाम होतो.)

रबर असं का होतं? उष्णता, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, आणि पेट्रोलची वाफ. रबर मऊ ठेवणारं जे तेलकट द्रव्य त्यात मिसळलेलं असतं ते वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातं, आतली जोडणी अजून घट्ट होत जाते, आणि रबर कडक होतं ते होतंच, वर थोडं आकसतं पण. म्हणजे बुटाचं तोंड कणभर लहान झालंय आणि लांबीही कमी झालीय, आणि तू त्यात तोच जुना कार्ब घालायला बघतोयस. कसा जाईल?

तर पहिलं काम तपासणी. मॅनिफोल्ड हेडवरून काढ. हे बोल्ट वर्षानुवर्षं हललेले नसतात आणि अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये असतात, म्हणून घाई नको. जपानी गाडी असेल आणि प्लस स्क्रू असतील तर ते साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने उघडू नको, त्यांची खाच जेआयएसची, म्हणजे जपानी मापाची, असते, साधा ड्रायव्हर तिथून वर सटकतो आणि डोकं खाऊन टाकतो. जेआयएसचा ड्रायव्हर घे, आदल्या दिवशी गंज सोडवायचं तेल मार, अडलाच तर हातोडीवाला इम्पॅक्ट ड्रायव्हर, पण हलक्या हाताने.

मॅनिफोल्ड हातात आलं की दोन्ही हातांनी वाकवून बघ, आणि आतून बघ, नुसतं बाहेरून नाही. बाहेर बारीक जाळीसारख्या भेगा असतात त्यांनी लगेच घाबरायचं कारण नाही, त्या वरवरच्या असू शकतात. पण वाकवल्यावर भेग उघडते आणि तळ दिसत नाही, किंवा आतल्या बाजूलाही भेग आहे, किंवा रबर फ्लॅंजच्या धातूपासून सुटायला लागलंय, तर ते मॅनिफोल्ड गेलं. त्याला मऊ करणं, चिकटवणं, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणं हे सगळं मी करून बघितलंय, काही होत नाही, चार दिवसांनी परत तेच. नवीन आण. एक गेलं असेल तर चारही बदल, बाकीच्यांचं वय तेवढंच आहे.

ओ-रिंग तर विचार न करता बदलायची. जुनी ओ-रिंग खाचेत दबून चपटी झालेली असते, वरून बोट फिरवलंस तर खाचेच्या बाहेर ती लागतच नाही, म्हणजे ती काहीच सील करत नाहीये. नवीन ओ-रिंग खाचेतून थोडी वर आलेली दिसली पाहिजे. मटेरियल नायट्राइल चालतं, वायटन मिळाली तर जास्त बरी, उष्णता आणि पेट्रोल दोन्ही सोसते. साध्या पाण्याच्या नळाच्या ओ-रिंगा आकार जुळतो म्हणून लावू नको. फ्लॅंज वाकलाय का तेही बघ, कुणीतरी आधी बोल्ट जास्त आवळले की तो दोन्ही कानांपाशी वाकतो. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर फ्लॅंज दोनदा घास, कुठे चमकतं कुठे नाही ते लगेच दिसेल. थोडंफार असेल तर तसंच घासून सपाट होतं, पण त्यात ओ-रिंगची खाच उथळ होत जाते हे लक्षात ठेव, आणि नंतर धुऊन पुसून घे, ती पावडर इंजिनात जाता कामा नये.

परत लावताना चारही मॅनिफोल्ड एकसारखी आहेत असं गृहीत धरू नको! बऱ्याच गाड्यांत बाहेरच्या दोन आणि आतल्या दोन सिलिंडरची वेगळी असतात, कोन वेगळा असतो, काहींवर डावं-उजवं असतं. काढायच्या आधी खडूने १-२-३-४ लिहून ठेवायचं. तू लिहिलं नसशील तर रबरावर उमटवलेला नंबर बघ आणि पार्ट्स बुकमधल्या चित्राशी जुळव. एक मॅनिफोल्ड उलटं लागलं तरी कार्ब बसत नाही, आणि माणूस रबराला शिव्या देत बसतो. एम-६ चे (६ मिमी जाडीचे) बोल्ट असतील तर साधारण १० न्यूटन मीटरच्या आत-बाहेर पुरतं, आपल्या गाडीच्या मॅन्युअलचा आकडा असेल तर तोच धर. आधी दोन्ही बोल्ट हाताने शेवटपर्यंत जाऊ दे, मग आळीपाळीने थोडं थोडं. इथे आटे गेले ना तर रबर राहिलं बाजूला, हेडचं काम निघतं.

मॅनिफोल्डवर व्हॅक्यूमचे छोटे निपल असतात, त्यांच्या टोप्या बघ. वाटाण्याएवढी रबराची टोपी, तिला खालून चीर गेलेली असते आणि वरून दिसत नाही. मी एकदा अख्खा दिवस आयडलिंगच्या मागे घालवला होता आणि शेवटी निघाली ती टोपी. पेट्रोल कॉक व्हॅक्यूमवाला असेल तर त्याची नळीपण.

आता मागचे बूट. हे जर फाटलेले नसतील, नुसते कडक झाले असतील, तर त्यांना मऊ करता येतं. सगळ्यात साधा उपाय म्हणजे गरम पाणी. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात ५-१० मिनिटं ठेव, पुसून लगेच बसव, तेवढ्या वेळापुरते ते ऐकतात. गाडीवर असतील तर हेअर ड्रायर, हीट गन असेल तर लांबून आणि सतत हलवत, आणि हे आधीच सांगतो की कार्बमध्ये पेट्रोल असताना किंवा उघडं पेट्रोल जवळ असताना हीट गन हातात घ्यायचीच नाही. फ्लोट बाउल रिकामे करून घे.

दुसरा उपाय विंटरग्रीन तेल आणि झायलीन (रंग पातळ करायला वापरतात ते द्रावण), तू कुठेतरी वाचला असशीलच. एक भाग तेल, दोन ते तीन भाग झायलीन, त्यात बूट बुडवून ठेवायचे. विंटरग्रीन म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट, अंगदुखीच्या मलमाला जो वास येतो तोच. झायलीन त्याला रबराच्या आत घेऊन जातं, मग झायलीन उडून जातं आणि तेल आत राहून रबर मऊ ठेवतं. काम करतं का, तर हो, करतं. पण दर तासा-दोन तासांनी काढून दाबून बघायचं, विसरून दोन दिवस ठेवलंस तर बूट फुगून मोठा होतो आणि मग भलताच ढिला. भिजवून काढल्यावर एक-दोन दिवस उघड्यावर ठेव, जरा फुगलेला असतो तो आकाराला येतो. परिणाम कायमचा नाही, पुन्हा हळूहळू कडक होणारच, पण आज बसवण्यापुरतं पुष्कळ. मी हे फक्त मागच्या बुटांना करतो. धातूला चिकटवलेलं मॅनिफोल्ड त्यात बुडवत नाही, तो जोड सुटला तर काय करायचं. आणि हा प्रयोग घराबाहेर, झाकणाच्या काचेच्या बरणीत, आगीपासून लांब. झायलीनची वाफ पेट घेते आणि डोकं गरगरतं, आणि विंटरग्रीन तेल चमचाभर जरी लहान मुलाच्या पोटात गेलं तरी जिवावर बेततं, तेव्हा बरणी कुठे ठेवतोस ते बघ.

तुझ्या ऑइलकडे येतो आता. इंजिन ऑइल आणि ग्रीस, दोन्ही चूक. एक तर बऱ्याच रबराला ते फुगवतं, आणि मुख्य म्हणजे ते सुकत नाही. कार्ब आत जायला सटकता झाला तसाच बाहेर यायलाही सटकता राहिला, आणि लीन मिक्श्चरमुळे इंजिनने एकदा उलटा फटका मारला की क्लॅम्पखालून निसटला. तुझा ३ नंबर असाच गेलाय बहुतेक. वंगण असं पाहिजे जे बसवताना घसरेल आणि नंतर सुकून धरून ठेवेल. साबणाचं पाणी, बोटाने पातळ हात फिरवायचा, बस्स. आता जुनं ऑइल आधी साफ कर, साबणाच्या कोमट पाण्याने धू, कार्बचा गळाही पुसून कोरडा कर. कार्ब क्लीनरचा स्प्रे रबरावर मारू नको, बुटाच्या तोंडाची कड, म्हणजे ओठ, त्याने खराब होतो, आणि कार्बमधले डायफ्रॅम (पातळ रबरी पडदे) तर पार वाकडे होतात.

आणि सिलिकॉन सीलंट म्हणालास ना, साध्या आरटीव्ही सिलिकॉनला (ट्यूबमधून लावतात ते, हवेत सुकणारं) पेट्रोल लागलं की ते फुगतं, त्याचे गोळे होतात आणि सुटतात. सुटलेला तुकडा आतल्या बाजूला असेल तर कुठे जाणार ते तूच बघ. शिवाय पुढच्या वेळी कार्ब काढताना रबर फाडूनच काढावं लागतं. ओ-रिंगच्या जागी थर देणारे पण बघितलेत, त्याने सील होत नाही, फ्लॅंज मात्र वाकडा बसतो.

क्रम आता नीट वाच, अर्धं काम इथेच आहे. मॅनिफोल्ड हेडवर लावून झाली. एअर बॉक्सचे सगळे बोल्ट काढ आणि तो जेवढा मागे सरकेल तेवढा मागे ढकल, गरज पडली तर बॅटरी आणि तिचा ट्रे बाहेर. बरेच जण हे करतच नाहीत, बॉक्स जागेवर ठेवून कार्ब मधे कोंबतात आणि मग म्हणतात जागाच नाहीये. मागचे बूट निघत असतील तर आतल्या बाजूला, म्हणजे एअर बॉक्सच्या पोटात ओढून घे, मग समोर मोकळी जागा होते. हेडच्या चारही तोंडांत कापडाचे बोळे, आणि किती बोळे ते मोजून ठेव. मी एकदा तीन काढले होते, घातले चार होते, नशिबाने स्टार्टर मारायच्या आधी लक्षात आलं.

क्लॅम्प आठही, पूर्ण ढिले करून, आधीच बुटांवर चढवून ठेव, आणि प्रत्येक स्क्रूचं डोकं अशा बाजूला वळव की कार्ब बसल्यावर तिथे लांब ड्रायव्हर पोचेल. हे आत्ता केलं नाहीस तर मधल्या दोघांचे स्क्रू कुठल्यातरी पाइपकडे तोंड करून बसतील आणि तू सगळं परत काढशील, अनुभवाने सांगतोय. क्लॅम्प ओरिजिनल पट्टीचेच वापर, किंवा तसेच. पाण्याच्या पाइपाला लावतात ते खाचाखाचांचे क्लॅम्प रबरात रुततात आणि कापतात.

मग कार्बचा अख्खा सेट बाजूने आत सरकव. थ्रॉटल आणि चोकच्या केबल, हात पोचतोय तोवर, बसवायच्या आधीच लावून घे, बऱ्याच गाड्यांत नंतर तिथे बोटच जात नाही. आधी हेडच्या बाजूला बसवायचं. मॅनिफोल्ड कोमट कर, ओठांवर साबणाचं पाणी, चारही तोंडं सरळ समोर धर आणि कार्बचा सेट वर-खाली हलवत हलवत आत, सरळ ढकलून नाही. आधी खालची कड ओठात जाऊ दे, मग वरून दाब. तरी जात नसेल तर सामान बांधायचा खटक्याचा पट्टा घे, कार्बच्या मागून आणि इंजिनच्या पुढून वेढा घाल आणि एक एक खटका आवळ. समोर एक्झॉस्ट पाइप किंवा रेडिएटरवर पट्टा येऊ देऊ नको, आणि मागे चारही कार्बच्या तोंडांवर आडवी लाकडी पट्टी ठेव म्हणजे दाब सगळ्यांवर सारखा येतो. फ्लोट बाउलवर किंवा कार्ब जोडणाऱ्या पत्र्यावर टेकू लावून ढकलू नको, बाउल तुटतो, पत्रा वाकतो आणि मग चारही बटरफ्लाय एका रेषेत राहत नाहीत.

बसला की टप्प असा आवाज येतो आणि हाताला कळतं. पण चारही बसलेत का ते कानावर सोडू नको. आरसा आणि टॉर्च घेऊन प्रत्येकाच्या खालून बघ, ओठाची कड सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. खालून एखादा अर्धाच बसलेला असतो, वरून मात्र परफेक्ट दिसतो. काही कार्बवर छोटा उंचवटा आणि रबरात त्याची खाच असते, ती जुळली का तेही बघ.

मागच्या बुटांत मी मधले दोन आधी घेतो, कारण बाहेरचे बसल्यावर मधे हात शिरत नाही. एअर बॉक्स पुढे ओढ, बूट आतून बाहेर ढकल, आणि ओठ एका बाजूने चढवत जा. टोकदार स्क्रूड्रायव्हरने ओठ खेचू नको, फाटतो. गोल टोकाचं काहीतरी घे, मी जुन्या टूथब्रशची दांडी घासून ठेवलीय, त्याच्यासारखं हत्यार नाही.

बरं, हे एवढं सगळं करण्यापेक्षा एअर बॉक्स काढून टाकून चार छोटे फिल्टर लावले तर, असंही तुझ्या मनात आलं असेल, येतंच सगळ्यांच्या. सीव्ही कार्बमध्ये स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारी सरकती झडप, उचलली जाते ती केबलने नाही, दाबाच्या फरकाने, आणि तो फरक एअर बॉक्समधल्या शांत हवेवर हिशोब करून ठरवलेला असतो. बॉक्स काढलास की जेटिंग (पेट्रोलच्या भोकांची मापं) बदला, सुई बदला, आणि मधल्या रेंजला गाडी तरीही गटांगळ्या खाते. बुटांशी दोन तास भांडलेलं परवडतं.

क्लॅम्प आवळताना सगळे आधी बेताने, मग परत एक फेरी. बऱ्याच ओरिजिनल क्लॅम्पना मधे छोटी नळी असते, दोन्ही कान तिला टेकले की झालं, पुढे आवळून रबर चेपतं फक्त.

चालू करायच्या आधी थ्रॉटल पूर्ण पिळून सोड, खाट्‌कन बंद व्हायला हवं, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवूनही तसंच. केबल अडकून रेस उघडी राहिली आणि स्टार्टर मारलास तर काय होतं ते बघायची वेळ येऊ देऊ नको. मग गाडी गरम होऊ दे आणि लीक तपास. लोक कार्ब क्लीनर फवारतात आणि आरपीएम बदलतो का बघतात, चालतं, पण गरम इंजिनवर ते पेट घेऊ शकतं. मी साध्या स्प्रेच्या बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा मारतो, इग्निशनच्या वायरी टाळून. लीकवर पाणी पडलं की क्षणभर ती जागा बंद होते आणि आरपीएम डगमगतो. फक्त एक, बटरफ्लायच्या दांड्याची टोकंपण जुन्या कार्बमध्ये हवा घेतात, तिथली सील गेलेली असतात, म्हणून फवारा नेमका कुठे पडला ते बघूनच निकाल दे. नाहीतर चांगली मॅनिफोल्ड उगाच बदलशील.

लीक नसेल तर आयडल स्क्रू तपास, हवा घेत होती तेव्हा कुणीतरी, म्हणजे तूच बहुतेक, गाडी बंद पडू नये म्हणून तो वाढवून ठेवला असशील. मॅन्युअलच्या आकड्यावर आण, बहुतेक फोर-सिलिंडरना १००० ते १२०० च्या आसपास असतो. त्यानंतर व्हॅक्यूम गेज लावून चारही कार्ब सिंक कर, म्हणजे चारही सिलिंडरची ओढ सारखी कर, आणि गेज काढल्यावर त्या निपलच्या टोप्या नवीन लाव, जुन्या परत नको. टाकी कायमची बसवायची घाई नको, दोन-तीन वेळा गाडी नीट गरम होऊन थंड झाली की आठही क्लॅम्प परत बघ, नवीन रबर पहिल्या उष्णतेत थोडं दबतं आणि स्क्रू पाव फेरा अजून घेतात. ३ नंबरचा सगळ्यात आधी.